साक्षीदारांनी बाहेर बसावे

मालिकेचा नवा सीझन आला की लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. माझे बुलढाण्याचे घरमालक, चाचा, आधी स्वतःचा वाढवायचे.

पडद्यावर खून झालेला असायचा. पोलीसबाई जीपमधून उतरायच्या बेतात असायची. तेवढ्यात चाचा बाजेवरून उठायचे, एक हात कानामागे धरायचे आणि तिच्या नावाने ओरडायचे, "हाजिर होऽऽ!" असं तीनदा. तिसऱ्या हाकेला बाई जीपमधून उतरली की समाधानाने खाली बसायचे आणि म्हणायचे, "आली." जणू यांनी पुकारलं नसतं तर ती जीप वळवून घरी गेली असती.

चाचांनी सारी नोकरी कोर्टात पट्टेवाला म्हणून काढली होती. दाराबाहेर उभं राहून पक्षकारांना नावानिशी आत बोलवायचं, हे त्यांचं काम. त्याला पुकारा म्हणतात. त्यांना कायदा येत होता असं मी म्हणणार नाही. कुंपणावरून भांडण झालेला माणूस कलम विचारायला आला तरी ते तीनशे दोन सांगायचे. मध्यंतरी कायदा नवा आला, कलमांचे आकडे बदलले, चाचांचं तीनशे दोन मात्र तिथंच राहिलं. त्यांना येत होता तो पुकारा. अंगाने काडीसारखे, गुडघ्यात वाकलेले, पण आवाज असा की बाहेरगावचा माणूस त्यांच्या मागे कर्णा शोधायचा.

नोकरी संपली तरी पुकारा संपला नाही. नातवंडांना जेवायला बोलवायचं तरी बापाचं नाव लावून बोलवायचे. त्यांची काळी बकरी शेजारच्या गुरुजींच्या वाफ्यात शिरली की ओट्यावर उभे राहायचे. "बकरी काळी, राहणार हल्ली मुक्काम गुरुजींची मेथी, हाजिर होऽऽ!" आणि ती यायची. बकरीला कळायचं, ही माझी तारीख आहे.

मी त्यांचा भाडेकरू. नववीत शाळा सोडलेला. गणिताचं आणि माझं जमलं नाही हेही खरं, आणि काजूच्या कारखान्यात घरचं आणखी एक माणूस हवं होतं हेही खरं. पुढे कुणाच्या तरी ओळखीने इंटरनेटच्या केबली ओढायचं काम मिळालं आणि चंदगडचा मी बुलढाण्याला येऊन पडलो. रेल्वे नाही, ओळख नाही, आणि इथले लोक 'का'ला 'काऊन' का म्हणतात हे कुणाला विचारायची हिंमत नाही. स्वभाव मुळातच भित्रा. पोलिसांची जीप गेली की मी उगीच ताठ उभा राहतो. दुकानातून काही न घेता बाहेर पडायचं झालं तर हात मोकळे दिसतील असे धरून बाहेर पडतो.

खोली मागायला गेलो तेव्हा चाचांनी भाड्याचं काही विचारलं नाही. "नाव?" मी सांगितलं. "बापाचं?" सांगितलं. "मुक्काम? पोस्ट? तालुका? जिल्हा?" सगळं सांगितलं. डोळे मिटून त्यांनी ते ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिलं.

"पुकारायले बरं हाय," ते म्हणाले. "राहा."

बाकी गल्लीला माझ्या नावाची गरज नव्हती. गल्ली मला 'वायफाय' म्हणायची. "अबे वायफाय, आमचं चाकच फिरून राह्यलं सकाळपासून!" मी शिडी घेऊन पळायचो. नावाने हाक मारा असं म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

त्या वर्षी त्या पोलीसबाईच्या मालिकेचा दुसरा सीझन आला आणि चाचांच्या घरी मोठा टीव्हीही आला. जोडणी मीच करून दिली. मगरिबची, दिवेलागणीची नमाज झाली की रोज एक भाग, रात्रीच्या इशाच्या नमाजेआधी कामकाज बंद. गल्लीला मुभा. शेजारचे मेथीवाले गुरुजी यायचे, प्राथमिक शाळेतले, ते प्रत्येक भागाला दहापैकी गुण द्यायचे आणि साडेचारच्या वर जायचे नाहीत. त्यांच्या बायकोला, म्हणजे मास्तरीणबाईंना, खुनाचं काही नव्हतं, पण ती पोलीसबाई केस का बांधत नाही याचा त्यांना रोज त्रास व्हायचा. कोपऱ्यावरचा कंपाउंडर पहिल्या पाच मिनिटांतच म्हणायचा, "मांगचा सीझन याच्यापेक्षा भारी होता," आणि शेवटपर्यंत हलायचा नाही. चाचींचं लक्ष मेलेल्या पोरीच्या आईकडे. पोलीस तिला तासन्‌तास प्रश्न विचारत बसायचे, आणि चाची म्हणायच्या, "अबे, तिले कोनी पानी तं द्या."

आता ही मालिका सगळ्यांच्या मोबाइलवर होती. लोकांना दम निघत नव्हता. चोरून पुढचे भाग पाहून यायचे आणि इथे बसून भुवया उडवायचे. दुसऱ्याच संध्याकाळी गुरुजी संशयित दिसल्या दिसल्या हसले. चाचांनी रिमोट दाबून मालिका थांबवली.

"गुरुजी, तुमी पुढचं पाह्यलं?"

"एकच भाग पाह्यला हो चाचा. थोडासाच."

"मंग तुमी साक्षीदार झाले. साक्षीदारानं बाहेर बसायचं. कोर्टात ज्याची साक्ष बाकी असते तो आत बसून दुसऱ्याचं ऐकत नाही."

"अहो, पण टीव्ही आहे हा!"

"म्हणून काय रीत सोडायची?"

गुरुजी ओट्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी कंपाउंडर बाहेर गेला, चौथ्या दिवशी मास्तरीणबाई. चाची बाहेरच्यांना चहा द्यायच्या आणि ओट्यावर वारा बरा असायचा, त्यामुळे लोक मुद्दाम पुढचं पाहून येऊ लागले. पाचव्या भागाला ओटा गच्च आणि आत आम्ही तिघं, चाचा, चाची आणि मी. बाहेरून खिडकीतून आवाज यायचे, "अबे त्याले नोको सोडू, तो पाहाय कसा पाहून राह्यला!" चाचा आतून गरजायचे, "साक्षीदार, गप!"

मी आतच राहिलो, कारण पुढचं पाहायचं नाही अशी शपथ मी मनाशी घेतली होती आणि ती पाळली. सोपं नव्हतं ते. ज्या घरात केबल ओढायला जावं तिथे हीच मालिका चालू. मी टीव्हीकडे पाठ करून भिंतीला भोकं पाडायचो. मान वळू नये म्हणून खिडक्या, कड्या, कोपरे पाहत राहायचो. हे लक्षात ठेवा, पुढे ते माझ्या अंगाशी आलं.

चाचांची प्रतिक्रिया सगळ्या भागांना एकच होती. पोलीसबाईने कुणाच्या कानाखाली वाजवली, कुणी गल्लीतून "हाच तो!" म्हटलं, की ते विचारायचे, "पुकारा झाला का त्याचा?" नाही झाला. "मंग कायचा आरोपी? त्याले बोलवा, बोलू द्या, मंग फाशी द्या."

शेवटचा भाग मालिकावाल्यांनी आठवडाभर राखून ठेवला होता. त्यामुळे त्या संध्याकाळी कुणीच साक्षीदार नव्हतं, सगळे आत. मास्तरीणबाई तेवढ्या नव्हत्या. भाच्याच्या लग्नासाठी त्या दुपारच्या बसने भावाकडे, साखरखेर्ड्याला गेल्या होत्या.

आणि खुनी निघाला भाडेकरू.

साधासुधा नव्हे. दूरच्या गावाहून आलेला, शाळा सोडलेला, खाली मान घालून बोलणारा. वायरिंगची कामं करणारा, त्यामुळे गावातल्या घराघरांतून फिरलेला. सगळ्यांना "हो ताई, हो मावशी" म्हणणारा. त्याने पडद्यावर वर पाहून बारीक हसू केलं, आणि खोलीतली सगळी डोकी हळूहळू माझ्याकडे वळली. मी घाबरून बारीक हसलो. ते करायला नको होतं.

"मी तं पयलेच म्हटलं होतं," गुरुजी म्हणाले. त्यांनी आधी सात जणांची नावं घेतली होती, त्यात घोडासुद्धा होता. पण या भागाला त्यांनी साडेसात दिले.

चाचांनी टीव्ही बंद केला. "निकाल मान्य नाही. पोराले एक शब्द बोलू देला नाही. अपील करा."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतलं इंटरनेट एकदम सुधारलं. ज्यांचं चाक फिरायचं ते दारातूनच म्हणू लागले, "राहू दे बापा, चालून राह्यलं." कंपाउंडरच्या घरची शिडी पूर्वी मला न विचारता मिळायची, तिला आता कुलूप दिसलं. मी मनाशी म्हटलं, मालिका आहे, चार दिवसांत विसरतील.

पण चार दिवसांनी आमच्या गल्लीची नळाची पाळी आली, आणि गुरुजींची टिल्लू सापडेना.

टिल्लू म्हणजे नळाला थेट लावायची हाताएवढी मोटार. आपल्या नळात पाणी ओढते, शेजाऱ्याच्या नळातलं पळवते. पालिकेची तिच्यावर सक्त बंदी आहे, म्हणून प्रत्येक घरात एक असते. गुरुजींची टिल्लू त्यांच्या साळ्याने दिलेली, म्हणजे मास्तरीणबाईंच्या भावाने, आणि त्या घरात तिचा मान वेगळा होता. मास्तरीणबाई नेमक्या त्याच भावाकडे. फोन करून "तुझ्या भावाची मोटार हरवली" म्हणायची गुरुजींची छाती झाली नाही. त्यांनी सोपा मार्ग धरला. शेवटचा भाग आला त्याच दुपारी त्यांचा राउटर बदलायला कोण आलं होतं ते त्यांनी आठवलं.

झालं. नळावर, चक्कीवर, दूध घेताना. "टीव्हीकडं पाहेच ना तो, साऱ्या भिंती पाहे. खिडक्या पाहे. कड्या पाहे." सगळ्यांना पटलं, कारण सगळ्यांच्याच खिडक्या मी पाहिल्या होत्या. ही कुजबूज गल्लीभर फिरली, फक्त चाचांच्या दारात आली नाही. चोर ज्यांच्या घरात राहतो त्यांना कसं सांगायचं?

मला कळलं ते आमच्या केबलच्या शेठकडून. त्यांचा फोन आला, "त्या गल्लीत काय केलंस?" काही नाही म्हटलं. "मग लोक दुसरा माणूस का मागून राह्यले? अजून एक तक्रार आली की गावाकडची गाडी धर." गावाकडे आई सगळ्यांना सांगत होती, पोरगा कंपनीत आहे. मी पुढच्या नळाच्या संध्याकाळपर्यंत कसाबसा काढला आणि पिशवी भरायला घेतली.

पिशवी पाहून चाचा दारात उभे राहिले.

"कुठी चाल्ला बे?"

मी सांगितलं. पहिल्यांदा तोतरा झालो, मग सगळं सांगितलं, टिल्लूपासून शेठपर्यंत. मला वाटलं आता तरी ते विचारतील, खरं सांग, घेतली का? त्यांनी ते विचारलं नाही.

"तुह्या नावाचा पुकारा झाला?"

"नाही."

"पुकारा न होता गेला तं फरार होशील. चाल बाहेर."

"चाचा, नको ना. मी जातो गुपचूप."

"गुपचूपच तं झालं हाय हे सारं," ते म्हणाले.

आत जाऊन त्यांनी खुंटीवरचा जुना पट्टा काढला, पितळी बिल्ल्याचा, आणि खांद्यावरून घेतला. बाहेर नळाची वेळ. सारी गल्ली रस्त्यावर, पाइप, घागरी, ड्रम. दारादारांमागून टिल्लूंची घरघर. आणि कोपऱ्यावर, व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी, हातात लांब चावी घेऊन पालिकेचा नळवाला बसलेला. तोही दर पाळीला ही घरघर ऐकायचा आणि दर पाळीला त्याला ती ऐकू यायची नाही.

चाचा ओट्यावर चढले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांनी हात कानामागे धरला आणि माझं नाव पुकारलं. नुसतं माझं नव्हे. माझं, मग वल्द म्हणून माझ्या बापाचं, मग मुक्काम, पोस्ट, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. एकही अक्षर चुकलं नाही. बकरीने मान वर केली. त्या गल्लीत वायफायला बाप आहे हे बहुतेक जणांना तेव्हाच कळलं. चोर म्हणून का होईना, माझ्या बापाचं नाव एवढ्या मोठ्या आवाजात आमच्या गावातही कधी कुणी घेतलं नव्हतं.

"हाजीर," मी म्हणालो.

"आवाज!"

"हाजीर!"

"आरोपी हाजीर हाय," चाचा गल्लीला म्हणाले. मग पुन्हा हात कानामागे. "टिल्लू मोटार चोरी गेलेले फिर्यादी, हाजिर होऽऽ!"

नळवाल्याने मान वळवली. "कायची मोटार?" त्याने विचारलं.

गल्लीत एक घरघर थांबली. मग दुसरी. दाराआडचे हात बटणांकडे गेले आणि एकामागून एक सगळ्या टिल्लू बंद पडल्या. इतकी शांतता की घागरीत पडणारी बारीक धार ऐकू यायला लागली.

"टिल्लू मोटारीचे फिर्यादी, हाजिर होऽऽ!" दुसरी हाक.

गुरुजी पाइप हातात धरून समोरच उभे होते. एक पाय त्यांनी पुढे टाकला, नळवाल्याकडे पाहिलं आणि तोच पाय मागे घेऊन ते मेथीला पाणी द्यायला लागले.

तिसरी हाक. कुणी नाही.

"फिर्यादी गैरहजर," चाचा म्हणाले. "आरोपी सुटला."

मी सुटलो होतो, पण तसं सुटून काय उपयोग? लोक माझ्याकडे पाहत होते, आणि ती नजर तीच होती, शेवटच्या भागातली. आता घरोघरी म्हणतील, पालिकेच्या भीतीने गुरुजी बोलले नाहीत म्हणून वाचला. पिशवी उचलायला मी वळलो, आणि आतून चाचींचा आवाज आला.

"कायची मोटार म्हणता हो? नळाची?"

चाची हात पुसत बाहेर आल्या. ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी काखेत. सोडलं तर टिल्लू.

"अव माय, हे तं माह्या बाजेखाली पडेल हाय आठ दिवसापासून! पालिकेचे लोक घरं तपासाले आले होते ना, तवा मास्तरीनबाईनं भिंतीवरून देली मले. म्हने लपवा, माही बस चुकते. मले वाटलं मास्तरले माहीत असन." मग आमच्या सगळ्यांची तोंडं पाहून, "काऊन, काय झालं? मले कोनी काही सांगतच नाही."

तेच झालं होतं. ज्या एका बाईला टिल्लू कुठे आहे ते माहीत होतं, तिच्याच दाराशी येऊन सारी गल्ली गप्प होत होती.

नळवाला आता उठून आला. ऐकू न येण्यालाही हद्द असते. त्याने टिल्लू हातात घेतली, वजन पाहिलं. "हे कोनाचं हाय?"

गल्ली आभाळाकडे पाहायला लागली. गुरुजी मेथीत जवळजवळ बसले.

"बेवारस मुद्देमाल," चाचा म्हणाले. "जमा करा."

आणि नळवाल्याने ती जमा केली. गुरुजींची टिल्लू खरोखर गेली ती तेव्हा, सगळ्यांदेखत.

चाचा खाली उतरले. पट्टा काढून त्यांनी काखेत घेतला, आवाजाने दम लागला होता. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. ते पाहून चाचा म्हणाले, "पिशवी खाली कर. पानी भर. नळ जाऊन राह्यला."

मी पाणी भरलं. आमचं, आणि गुरुजींच्या दोन घागरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, चेहरा उतरलेला. मास्तरीणबाई दहाच्या बसने येत होत्या. "हे पाहा," गुरुजी म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली, "मोटार पालिकेनं नेली हे तुमी सांगा. माह्यावर ती विश्वास नाही ठेवत. तुमी तं काल साऱ्यांदेखत सुटले." मी गेलो. मास्तरीणबाईंनी माझी अशी उलटतपासणी घेतली की मालिकेतली पोलीसबाई तिथे असती तर तिने नोकरी सोडली असती. मी खरं तेवढं सांगितलं. शेवटी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "या लेकरावर आळ घेतला तुमी? याच्यावर? याले चमचा द्याले गेलं तं हा घाबरते!" मग मला पोहे दिले, आणि चमचाही. राउटरचं चाक फिरत होतं, तेही मी बघून दिलं.

बुलढाणा सोडून आता मला बरेच दिवस झाले. शेठनेच पुढे पाठवलं, आता सुरतेला आहे, घरापासून आणखी लांब. इथे केबली मोठ्या आणि इमारती उंच, मी अजून जीप दिसली की ताठ उभा राहतो. बिल्डिंगमध्ये माझं नाव पुन्हा वायफाय झालं आहे. इथेही कुणाचं तरी काहीतरी हरवतं, आणि मी हात मोकळे दिसतील असे धरतो. पण आता मी लगेच पिशवी भरायला घेत नाही.

परवा त्या मालिकेचा तिसरा सीझन आला. एकटाच होतो, सवय मोडली होती, दोन भाग पाहून झाले तेव्हा भान आलं. चाचांना फोन लावला. पलीकडे मागे तीच गडबड, कंपाउंडर म्हणत होता, "मांगचा सीझन याच्यापेक्षा भारी होता." मागच्या सीझनला तो काय म्हणत होता हे मला आठवत होतं.

"चाचा, मी बोलतोय."

"कोन मी? नाव सांग नीट."

मी सांगितलं. बापाचं, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा.

"हां. सुरू होऊन राह्यला पयला भाग. तू पाह्यला का?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन पाहिले," मी म्हणालो.

पलीकडे मालिकेचं संगीत थांबलं.

"मंग बाहेर बस," चाचा म्हणाले. "तुही वेळ आली की पुकारतो." आणि फोन तसाच चालू ठेवून ते मालिकेकडे वळले.

मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो, फोन कानाला लावून. पलीकडून चाचींचा आवाज आला, "अबे, तिले कोनी पानी तं द्या." मग पायरी चढणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारलं, इथे का बसलास?

"माझी साक्ष बाकी आहे," मी म्हणालो, आणि जरा सरकून त्याला वाट दिली.